पुठ्ठ्यावरचा डाग

आमच्या गाडीत इंजिनचं तेल किती आहे ते पुठ्ठा सांगतो. इतरांच्या गाड्यांत त्यासाठी एक पोलादी पट्टी असते; ती ओढून काढायची, पुसायची, परत घालायची आणि तेल कुठवर लागलं ते बघायचं. आमची पट्टी मी शाळेत असतानाच बाबांच्या हातात मोडली. नवी आणतो आणतो म्हणत त्यांनी पट्टीच्या नळीत एक लाकडी खुंटी तासून बसवली आणि विषय संपवला. तात्पुरती केलेली गोष्ट आमच्या घरात माणसांपेक्षा जास्त टिकते. तेव्हापासून गाडीखाली पुठ्ठा आला. रविवारी सकाळी तो ओढून बाहेर काढायचा आणि डाग बघायचा. डाग बशीएवढा असला तर छोटा कप तेल ओतायचं, ताटलीएवढा असला तर मोठा कप. मग तो पुठ्ठा टाकून नवा सरकवायचा. गाडीने बाबांना रस्त्यात कधी दगा दिला नाही, त्यामुळे हा हिशेब बरोबरच असणार असं आम्ही दोघी बहिणी धरून चाललो.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि बारकी. बारकी माझी धाकटी बहीण. अंगाने बारीक, हात तर असे की बांगडीवाल्याला लहान मुलींच्या डब्यातून बांगड्या काढाव्या लागत. त्यावरून पडलेलं नाव लग्नानंतरही गेलं नाही. ती आणि तिचा नवरा वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. राहतात म्हणजे राहत होते. खालच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम, मधल्या खोलीत कटिंगचं टेबल, मागे स्वयंपाकघर, आणि बाजूला जिन्यालगत पत्र्याखाली गाडी. वर जायचं तर गाडीला वळसा घालूनच जावं लागतं. म्हणजे बारकी दिवसातून चार वेळा माझ्या खिडकीसमोरून जायची, आणि वर्षभर आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो.

भांडण कशावरून, तर एका कोटावरून. बाबांचा खाकी कोट, गाडीचं काम करताना घालायचा. खांद्यापासून खिशापर्यंत तेलाचे थर. बाबा गेल्यावर महिनाभराने मी त्यांचे कपडे आवरले तेव्हा तो कोपऱ्यावरच्या रात्रीच्या पहारेकऱ्याला देऊन टाकला. कुडकुडत बसायचा बिचारा. बारकी संध्याकाळी आली, कोटाच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, आणि म्हणाली की मला विचारावंसंही वाटलं नाही तुला. मी म्हणाले, चिकट कोट तो, त्यात विचारायचं काय. ती म्हणाली, तुला आवराआवरीच कळते, मग कपडे असोत नाहीतर माणसं. मग मीही सुनावलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही; कोट द्यायला नको होता असं मला आजही वाटत नाही, आणि तिचं ते वाक्य आजही घशात अडकलेल्या काट्यासारखं आहे. दोघींनी तोंडात मिठाच्या गुळण्या धरल्या त्या धरल्या. बाबा असते तर संध्याकाळच्या आत मिटलं असतं. बाबा नव्हते म्हणूनच तर झालं.

मधल्या मध्ये तिच्या नवऱ्याची पायपीट वाढली. सरळ माणूस. मी त्याला मनातल्या मनात टपालखातं म्हणते. पाण्याची टाकी कधी धुवायची, गाडी बुधवारी कोणाला हवी, सगळे निरोप तोच वरखाली न्यायचा. निरोप देताना जिन्यात खोकायचा, म्हणजे आपण कुठल्या बाजूचे आहोत ते कळू नये म्हणून असावं.

एके दिवशी तो खोकला आणि म्हणाला, "ताई, माझी बदली झाली."

गाव लांबचं होतं. सामान न्यायला ट्रक ठरला होता. बारकीलाही तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम मिळालं होतं, रक्त तपासायचं, इथे करायची तेच. मी छान म्हणाले आणि शिलाईत डोकं घातलं. त्या दिवशी शिवलेली बाही दुसऱ्या दिवशी उसवून पुन्हा लावावी लागली, उलटी बसली होती.

मला काय हवं होतं ते सरळच सांगते, आडपडदा कशाला. तिने जाऊ नये असं मी म्हणणार नव्हते. नवऱ्याची बदली, तिचं काम, म्हणायचं कोणत्या तोंडाने. मला फक्त तिच्या तोंडून एकदा "ताई" ऐकायचं होतं. पायऱ्या उतरताना ती शेजारणीशी, भाजीवाल्याशी, फोनवर कोणाशी बोलायची ते सगळं मला ऐकू यायचं. मशीन थांबवून मी ते ऐकायची. इतक्या बोलण्यात तो एक शब्द नसायचा, आणि कोणालाच त्याची उणीव जाणवत नव्हती, मला सोडून. ट्रक निघून गेला की हे बोलणंही गेलं, एवढं मला दिसत होतं.

मग मी बोलले का? नाही. मी निरोप धाडला की गाडी तुम्ही घेऊन जा, नव्या गावात लागेल. उत्तर आलं, नको म्हणते. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चालेल म्हणते. आमच्या घरात ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं ही जुनीच रीत आहे. मला म्हणायचं होतं जाण्याआधी खाली ये, आणि मी म्हणाले गाडी ने.

पण गाडी अशी गळकी कशी पाठवणार? गेल्या वर्षात गळती वाढतच गेली होती. आधी बशी, मग ताटली, मग ताट. रविवारी पुठ्ठा बाहेर काढला की मला धडकी भरायची. डागाप्रमाणे मी ओतत होते आणि पुढच्या रविवारी डाग आणखी मोठा. त्यात लांबचा रस्ता, वाटेत घाट, आणि बारकी गाडी हाकते ती बाबांसारखीच, थांबायचं माहीत नाही. ठरवलं की निघायच्या आधी ही गळती मीच बंद करायची. गॅरेजवाल्याला फोन केला तर त्याने माझ्या गाडीचं वय विचारलं आणि हसला. म्हणाला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग असणार, पण या गाडीचं पॅकिंग आता कुठे मिळायचं नाही, बुचाच्या शीटमधून कापून घ्या. मी म्हटलं, कापणं मला येतं.

शनिवारी मी बायकांना कटिंग शिकवायला जाते, त्यामुळे काम रविवारी काढलं. नेहमीप्रमाणे आधी पुठ्ठा बघितला, पण ओतलं नाही. आज सगळंच तेल बदलायचं होतं. बॉनेट उघडलं आणि रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश आणि माझ्या दुकानातल्या चिंध्या घेऊन इंजिन धुऊन काढलं. कुठून गळतंय ते आधी दिसलं पाहिजे, हे बाबांचं पहिलं वाक्य असायचं. घाणीवर घाण असली की सगळंच गळतंय असं वाटतं. गाडी थोडा वेळ चालू ठेवली आणि टॉर्च धरून बघत राहिले. इंजिनच्या डोक्यावर जे पत्र्याचं झाकण असतं, टॅपेट कव्हर, त्याच्या मागच्या कडेतून तेल पाझरत होतं आणि इंजिनच्या पाठीवरून खाली उतरत होतं. झाकण घट्ट बसावं म्हणून खाली घातलेलं बुचाचं पॅकिंग वाळून बिस्किटासारखं झालेलं बाहेरूनही दिसत होतं.

पुढचे बोल्ट सहज सुटले. मागचा सुटेना. सुटेना म्हणजे पानाच पोचेना. इंजिन आणि आतल्या भिंतीच्या मध्ये एवढीशी फट, तीत हात वाकवून घालायचा, पाना न बघता बोल्टवर बसवायचा आणि चिमटीभर जागेत फिरवायचा. माझ्या हाताचं मनगट तिथे अडकतं. बाबांचंही अडकायचं. तो बोल्ट बारकीचा. लहानपणापासून तोच करार होता; मी टॉर्च धरायची, बाबा पाने द्यायचे आणि मागच्या बोल्टची वेळ आली की बाबा हाक मारायचे. ती चिमणीसारखी मडगार्डवर चढून हात आत घालायची आणि डोळे मिटून घ्यायची. हाताने बघतेय, म्हणायची.

मी तासभर त्या बोल्टशी झटले. बोटांची सालं निघाली, पाना दोनदा आत पडला, एकदा तर हात आतच राहतो की काय असं वाटलं. वर सामान ओढल्याचे, खोकी बांधल्याचे आवाज येत होते. जिन्यातून एक हाक मारायची, एवढंच. माझ्या जिभेने ते केलं नाही. मी बोल्टाला शिव्या घातल्या, टॉर्चला घातल्या, बाबांना घातल्या. वड्याचं तेल वांग्यावर.

म्हटलं, तोवर जुनं तेल तरी काढून घेऊ. गाडीखाली सरपटत गेले. तेलाचं चेंबर इंजिनच्या तळाशी असतं आणि त्याला खालून एक जाड बोल्ट असतो. त्याखाली बाबांची पत्र्याची परात ठेवली. परातीला आतून खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे. चेंबरमधलं सगळं तेल निघालं की ते बरोबर त्या रेघेशी येऊन थांबायचं. बाबा ते बघून समाधानाने मान हलवायचे. आज ते रेघेच्या बरंच खाली राहणार, एवढ्या डागांनंतर चेंबरमध्ये उरलंच काय असणार, या हिशेबाने मी बोल्ट काढला.

तेल आलं. काळं, कोमट, जाड धारेचं. रेघेपाशी आलं. रेघ बुडाली. मी बघतच राहिले. बाबांची रेघ बुडालेली मी पाहिलीच नव्हती. धार तशीच. बोल्ट परत बसवायचं सुचेपर्यंत परात काठोकाठ भरली आणि मग ती सगळ्या बाजूंनी एकदम सांडली. मी आडवी, केस तेलात, एका अंगठ्याने भोक दाबून धरलेलं आणि दुसरा हात बोल्ट शोधतोय. तेलही गेलं, तूपही गेलं अशी गत. आमच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार आहे, त्यामुळे तेलाचा एक ओघळ माझ्या कानाशेजारून निघाला आणि जिन्याच्या पायथ्यावरून फाटकाकडे गेला.

जिन्यावर पावलं वाजली आणि थांबली. गाडीखालून मला फक्त चपला दिसत होत्या. निळ्या पट्ट्याच्या, उजव्या चपलेचा अंगठा शिवलेला. तो मीच शिवून दिला होता, बोलत होतो तेव्हा.

"पाणी टाकू नकोस," बारकी म्हणाली. "चिंध्या कुठे आहेत?"

वर्षभराने माझी बहीण माझ्याशी बोलली आणि ते चिंध्यांबद्दल. मी म्हणाले, कटिंगच्या टेबलाखाली, पोत्यात. ती धावत आत गेली. वर्षभर माझ्या घरात पाऊल न टाकलेल्या बाईला पोतं बरोबर सापडलं. तिने ते फाटकापाशी रिकामं केलं आणि रंगीबेरंगी कापडांचा बांध घातला, झंपरांचे तुकडे, शाळेच्या गणवेशांचे काठ, कोणाच्या तरी लग्नातल्या अस्तराचे. तेल त्या बांधापाशी येऊन थांबलं. तोवर मी बोल्ट बसवून बाहेर आले होते. माझं ध्यान बघून तिचे ओठ हलले, पण ती हसली नाही. खाली वाकून तिने परातीकडे बघितलं.

"रेघ कुठे गेली?"

"खाली आहे. बुडाली."

"एवढं कसं निघालं?" ती उकिडवी बसली. "गळत होतं ना?"

"मी रविवारी ओतते की," मी म्हणाले. "डाग बघून. कोण ओतणार नाहीतर?"

बारकीने एक चिंधी उचलली आणि परातीची कडा पुसायला लागली, जी पुसून काही उपयोग नव्हता. मग खाली मान घालून म्हणाली, "मी शनिवारी ओतते. तू क्लासला गेलीस की."

आधी मला ते समजलंच नाही. मग हळूहळू समजत गेलं, आणि समजलं तशी मी तिथेच, तेलात, बसले. शनिवारी दुपारी ती खाली यायची, पुठ्ठा ओढून डाग बघायची, डागाप्रमाणे ओतायची आणि पुठ्ठा होता तसा आत सरकवून ठेवायची, मला कळू नये म्हणून. रविवारी मी तोच पुठ्ठा काढायची, तोच डाग बघायची आणि पुन्हा तेवढंच ओतायची. चेंबर भरून वर आलं की तेल वाट शोधतंच. वाळक्या पॅकिंगमधून आणखी जोरात बाहेर यायचं. डाग मोठा. मग दोघींचे कप मोठे. वर्षभर आम्ही एकमेकींच्या चोरून एकाच गाडीला तेल पाजत होतो आणि ती बिचारी ओकत होती.

"पण पुठ्ठा मी बदलत होते," मी म्हणाले. "तुला दिसत होतं ना रविवारी नवा पुठ्ठा? मग मी ओतत असेन हे नाही कळलं?"

"मला वाटलं, फरशीसाठी बदलतेस," ती म्हणाली. "डाग नको म्हणून."

याच्यावर मला राग यायला हवा होता. यायच्या वाटेवरही होता. पण ती पुढे म्हणाली, "कोट दिलास, तर गाडीचं तरी तुला काय असणार, असं वाटलं. म्हटलं, आता बाबांचं एवढंच आपल्याकडे. हे तरी आपण बघावं."

मी तिच्याबद्दल वेगळं काय समजले होते? रविवारी पुठ्ठा काढताना मी वरच्या खिडकीकडे बघायची आणि मनात म्हणायची, बाईसाहेबांना कोट हवा होता रडायला, तेलात हात घालायला मात्र मीच. तसं मी तिला सांगितलं. ती यावर हसली, नाकातल्या नाकात, बाबांसारखी. तेवढंच. मग तिने बांगड्या काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवल्या, माझ्या हातातून पाना घेतला, मडगार्डवर पोट टेकलं, हात आत घातला आणि डोळे मिटले. मागचा बोल्ट सुटला. मी टॉर्च धरून उभी होते.

जुनं पॅकिंग तुकड्यांतच निघालं. मी ते टेबलावर जुळवून, बुचाच्या शीटवर ठेवून, खडूने आखलं आणि कापलं. भोकं पाडायला माझा आयलेटचा पंच कामी आला. बारकी दारात उभी राहून बघत होती. माझ्या घरात ती पूर्वी सरळ टेबलावर चढून बसायची, आज दारात. मी बस म्हणाले नाही आणि ती बसली नाही. पण कापून झाल्यावर तिने ते पॅकिंग हातात घेतलं, वाकवून बघितलं आणि छान झालंय म्हणाली. माझ्या हातचे इतके कपडे लोकांनी घातले, पण त्या बुचाच्या तुकड्याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचाच नाही.

झाकण बसवताना बाबांची पद्धत दोघींनाही पाठ होती. आधी सगळे बोल्ट बोटांनीच लावायचे. मग पान्याने थोडं थोडं, एक या टोकाचा, एक त्या टोकाचा, म्हणजे झाकण कुठे तिरपं बसत नाही. आणि शेवटचा फेरा मी करायचा नाही. माझ्या हाताला थांबणं नाही, असं बाबा म्हणायचे. मी आवळते ते आवळतच जाते, आणि बूच चिरडलं की नवं पॅकिंगही गळतं. पॅकिंगला बसवायचं असतं, दाबून मारायचं नसतं. तो फेरा नेहमी बारकीचा. मी न सांगता पाना तिच्यापुढे धरला. मध्येच टपालखातं जिन्यातून खाली यायला लागलं, अर्ध्यात थांबलं, खोकलं आणि आल्या पावली परत वर गेलं.

शेवटचा बोल्ट आवळताना ती डोळे मिटूनच म्हणाली, "मी कामावरून येताना वाकडी वाट करून येते, माहितेय? पहारेकऱ्याच्या रस्त्याने. बाह्या दुमडून घालतो तो कोट. मोठा होतो त्याला."

"आखूड करून देऊ का त्याला?"

"नको. तसाच राहू दे."

उरलेलं जुनं तेल काढलं आणि नवं भरलं, गॅरेजवाल्याने सांगितलेल्या मापाने, कपाने नाही. झाकणाची कडा पुसून कोरडी केली आणि मी माझ्या खडूची पूड करून त्या कडेवर सगळीकडे भुरभुरवली. कुठे थेंबभरही तेल आलं तर पांढऱ्यात काळी रेघ उमटणार. गाडी चालू केली. दोघी दोन बाजूंनी वाकून बघत राहिलो. इंजिन चांगलं तापलं, पंखा फिरला, बंद झाला, पुन्हा फिरला. पूड पांढरीच राहिली. मागच्या बोल्टपाशी बारकीने बोट फिरवून आणलं आणि मला दाखवलं. बोटावर खडू होता, तेल नव्हतं.

मग ती हात धुवायला वर गेली. वरच, खाली नाही.

मला वाटलं होतं, आता तरी "ताई" म्हणेल. ट्रकच्या दिवशी मी सकाळपासून दुकान बंद ठेवून दारात उभी होते, काही हवंय का विचारायला. खोकी गेली, पलंग गेला, आरसा चादरीत गुंडाळून गेला. बारकी आली, मला म्हणाली, किल्ल्या या घे, वरचा नळ नीट बंद होत नाही, लक्ष ठेव. मी बरं म्हणाले. पोचल्यावर फोन कर, म्हणाले. ती बरं म्हणाली. ती गाडीत बसली, काच खाली केली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. नखांत अजून काळं होतं. माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि गाडी बाहेर काढली. गाडीतून धूर नाही, फरशीवर थेंब नाही. एवढी चांगली दुरुस्त झालेली गाडी जाताना बघून मला इतकं वाईट वाटलं की आत येऊन मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

पोचल्याचा फोन टपालखात्याने केला. सुखरूप पोचलो, ताई. त्याच्या तोंडून तो शब्द मी इतक्या वेळा ऐकला होता, त्याचा काही उपयोग नव्हता.

मग रविवार यायचे. वर कोणी नाही, पत्र्याखाली गाडी नाही. सवयीने मी सकाळी बाहेर जायची आणि फरशीवर एक फिकट काळा गोल दिसायचा, वर्षानुवर्षांचा, सोड्याने घासूनही न गेलेला. एका रविवारी मी तिथे पुठ्ठासुद्धा टाकला. कशासाठी ते विचारू नका. दिवसभर तो तसाच पडला होता, कोरा, आणि संध्याकाळी मी तो उचलून आत आणला. मशीनवर बसलं की कान जिन्याकडे लागायचे. वरचा नळ थेंब थेंब गळायचा आणि मी तो दुरुस्त करत नव्हते. निदान वर कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

असाच एक रविवार होता. मी एका लग्नाच्या झंपराला हुक लावत होते. फोन वाजला. नंबर तिचा होता.

"ताई," ती म्हणाली.

मी सुई टोचलेला हात तसाच धरून बसले.

"ताई, ऐकतेयस ना? डाग पडलाय."

"केवढा?" मी विचारलं.

"बशीएवढा." ती थांबली. "ताटलीएवढाच म्हण. मोठा आहे."

माझ्या डोळ्यांपुढे ती पांढरी कडा आली, तापलेल्या इंजिनवरची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरी. पॅकिंग मी कापलं होतं. शेवटचा फेरा तिच्या हातचा होता. तिथून थेंब येणं शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. माझ्याच रक्ताची, ताकाला आलेली आणि भांडं लपवून उभी राहिलेली.

"किती ओतू?" तिने विचारलं.

"काही ओतू नकोस," मी म्हणाले. "कशाला हात लावू नकोस. मी येऊन बघते."